इथं पावसानं दुष्काळ पडतो

लाँगइयरब्येन, स्वालबार्ड
१५ जून

तीर्थस्वरूप आबा आणि आजी,
साष्टांग नमस्कार.

आई-पप्पांना वेगळं लिहीत नाही, हे पत्र सगळ्यांचंच आहे. पिंट्यानं मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवावं, गाळागाळी करू नये. आणि आबांनी मधेच उठून मेंढरांकडं जाऊ नये, कारण पत्र मेंढरंवाल्याच्याच कामाचं आहे.

मी इथं आल्यापासून जो तो एकच विचारतो, थंडी किती आणि अस्वल दिसलं का. शिरवळच्या कॉलेजातल्या मैत्रिणीसुद्धा तेच. आबा, तुम्ही एकट्यांनीच फोनवर विचारलंत, "तिथली जनावरं चरत्यात काय?" नेमकं तेच शिकायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या विद्यापीठानं मला इकडं पाठवलंय, तेव्हा उत्तर जरा ऐसपैस देते.

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेच्याही पार उत्तरेला, ७८ अंश अक्षांशाच्या आसपासची बेटं. निम्म्याहून जास्त जमीन हिमनद्यांखाली. उरलेल्या जमिनीची वरची हात-दोन हात माती उन्हाळ्यात मोकळी होते, त्याखाली शेकडो फूट बारमाही गोठलेलं. झाड नावाला नाही. वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून २०० मिलिमीटरच्या आसपास पडतं. म्हणजे ज्या माण तालुक्याला अख्खा महाराष्ट्र दुष्काळी म्हणतो, तिथं याच्या दुप्पट पाऊस होतो! तरी आत्ता इथं पाय टाकीन तिथं चिखल आहे. खाली गोठलेली जमीन पाणी मुरू देत नाही, आणि वाफ होऊन उडून जाईल असं ऊन नाही. त्यामुळं इथल्या गवताला पाण्याची ददात नाही, उबेची आहे. एप्रिलच्या विसाव्या तारखेपासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही, रात्री दोनला ऊन तोंडावर येतं. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. चारा काय वाढायचा तो जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट. त्यावर वर्ष काढायचं.

आता जनावर. इथलं मुख्य जनावर रेनडियर, पण पिंट्याच्या पुस्तकातल्या चित्रातलं उंच, ऐटबाज डोळ्यांपुढं आणू नका. स्वालबार्डचं रेनडियर आखूड पायांचं, गोल पोटाचं, गुबगुबीत तोंडाचं. खिल्लार बैल पारखणारा माणूस बघून हसेल. नर ६५ ते ९० किलोचा, मादी त्याहून लहान. शिंगं दोघांनाही, आणि ती दरसाल गळून परत उगवतात. मालक कुणी नाही, सगळी रानातली. कळपानं चालणं यांना ठाऊक नाही. कुठं एकटं, कुठं आई आणि कोकरू, फार तर चार-पाच. लांडगा इथं नाहीच, अस्वल क्वचित एखादं मारतं, त्यामुळं जिवाच्या भीतीनं एकमेकांना धरून राहायची गरज पडत नाही. आणि चाराच इतका विरळ की दहा तोंडं एका जागी आली तर दुपारपर्यंत जागा साफ.

थंडीचं म्हणाल तर यांना ती लागतच नाही म्हटलं तरी चालेल. अंगावरचा एकेक केस आतून पोकळ, त्यात हवा कोंडलेली. मला सगळ्यात नवल वाटतं ते नाकाचं. नाकाच्या आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात. आत जाणारी गार हवा त्यांवरून तापत जाते, आणि बाहेर येणारा श्वास आपली ऊब आणि ओल तिथंच ठेवून येतो. उणे वीस अंशात आपल्या तोंडातून वाफेचे लोट निघतात, हे जनावर मात्र निवांत रवंथ करत बसलेलं असतं. पायाचंही तसंच. वरून खाली येणारं गरम रक्त शेजारच्याच शिरेतून वर चढणाऱ्या गार रक्ताला आपली ऊब देऊन टाकतं. खूर जवळजवळ बर्फाइतकं गार, पोट मात्र गरमच. नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या रेनडियरच्या डोळ्यांवर २०१३ साली एक संशोधन आलं. आपल्या मेंढ्यांचे डोळे रात्री बॅटरीत चमकतात ना, तो चमकणारा पडदा यांचा उन्हाळ्यात सोनेरी असतो आणि हिवाळ्यात निळा होतो. निळ्यात उजेड आत जास्त खेळतो, म्हणून अंधाऱ्या महिन्यांत जरा अंधुक का होईना, पण थोड्या उजेडातही दिसतं.

आणि खातात काय? गवत, शेवाळ, लव्हाळ्यासारखं काहीबाही, आणि मुख्य म्हणजे विलो. विलो हे खरं तर झाड, पण इथला ध्रुवीय विलो बघायला पोटावर आडवं व्हावं लागतं. खोड मातीत आणि शेवाळात पुरलेलं, वर नखाएवढी दोन-तीन पानं, उंची बोटाच्या पेराएवढी. वर वारा आहे, म्हणून ते वर जातच नाही. परवा मी अशीच आडवी पडून एका फुलझाडात तापमापकाची सुई खोचली. सायलिनी नावाचं ते झाड हिरव्या गच्च उशीसारखं वाढतं, पानाला पान इतकं चिकटून की करंगळी शिरत नाही. बाहेर वारा बोचत होता आणि उशीच्या आतला आकडा बघता बघता कितीतरी वर चढला. सोबतची नॉर्वेची मुलगी म्हणाली, हात घाल. बोट कसंबसं आत गेलं तर आत चक्क कोमट. बारीक किडे त्यात मुक्कामालाच होते.

जांभळा सॅक्सिफ्रेज आत्ताच फुललाय. बर्फ वितळून आठवडा झाला नाही तोवर फुलं, कारण कळ्या त्यानं गेल्या वर्षीच तयार करून ठेवलेल्या असतात. जुलैत खसखशीच्या जातीतलं एक पिवळट-पांढरं फूल येईल, ते सूर्याकडं तोंड करून दिवसभर फिरतं. वाटीसारख्या पाकळ्यांत ऊन गोळा होतं, आतलं बी लवकर पक्व होतं आणि माश्या ऊब घ्यायला येऊन बसतात. इथं वाढणाऱ्या अशा वनस्पतींच्या जाती दोनशेच्या आतच आहेत, शेवाळं आणि दगडफुलं सोडून. पण हिवाळ्यात त्या मरत कशा नाहीत याचं उत्तर बघण्यासारखं आहे. पेशीच्या आत बर्फ झाला की पेशी फुटते. म्हणून ही झुडपं पाणी पेशीच्या बाहेर सोडतात, ते बाहेर गोठू देतात, आणि आत उरतो साखरेचा दाट रस. मातीत एक बारीक पांढरा किडा आहे, तो तर अंगातलं पाणीच घालवून टाकतो आणि सुकून हिवाळा काढतो. गोठायला पाणीच नाही तर गोठणार काय?

एक जागा तुम्हाला दाखवायला हवी होती. समुद्राकाठी उंच कडे आहेत, त्यांवर लिटल ऑक नावाचे काळे-पांढरे पक्षी लाखांनी अंडी घालतात. समुद्रात खातात आणि कड्यावर येऊन शिटतात. सगळ्या डोंगराचा रंग करडा, पण या कड्याखालचा उतार हिरवागार, गवत घोट्याच्या वर. आपण उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवतो आणि त्या रानाचं पीक पुढं ओळखू येतं, तसं हे रान लांबून ओळखू येतं. रेनडियर तिथं, स्कॉटलंडहून आलेले हंस तिथं, आणि हंसांच्या अंड्यांवर डोळा ठेवून कोल्हाही तिथंच.

आता मूळ गोष्ट. तुम्ही छावणीत एकदा म्हणाला होता, "थंडीनं जनावर मरत नाय, पोटात नसलं म्हंजे मरतंय." इथं तेच खरं आहे, फक्त कारण उलटं. इथं पावसानं दुष्काळ पडतो.

हिवाळ्यात बर्फ भुसभुशीत असतो. रेनडियर पुढच्या खुरानं तो उकरतं, तोंड घालून खालचं सुकं गवत आणि विलोच्या काड्या खातं. कितीही थंडी असो, बर्फ कोरडा आहे तोवर चारा हाताशी आहे. पण ऐन डिसेंबर-जानेवारीत दक्षिणेकडून उबदार हवा येते, पारा शून्याच्या वर जातो आणि बर्फावर पाऊस पडतो. ते पाणी बर्फातून खाली उतरून जमिनीवर थांबतं. दोन दिवसांनी पारा परत उणे पंधरावर गेला की जमिनीला काचेसारखा थर धरतो, कधी चार बोटं, कधी वीतभर जाड. गवत त्याच्या आत दिसतं. खूर आपटून आपटून जनावर थकतं, पण थर फुटत नाही. पुढचे चार महिने तो वितळतही नाही. चारा आहे, पण कुलूपबंद.

डिसेंबर २०१८ मध्ये असा पाऊस झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेची माणसं नेहमीची मोजणी करायला गेली, तेव्हा त्यांना २०० पेक्षा जास्त मेलेली रेनडियर सापडली. आबा, २०१९ चा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. आपल्या म्हशी छावणीत होत्या, तुम्ही मेंढरांचा वाडा घेऊन कृष्णाकाठाला गेला होता आणि मी परीक्षेसाठी शिरवळला. तिकडं पाऊस न पडल्यानं आणि इकडं पडल्यानं, एकाच वर्षात.

पळून जायला यांना कृष्णाकाठ नाही. काही चढणीवर जातात, जिथं वाऱ्यानं बर्फ टिकत नाही, आणि तिथून घसरून मरतात. काही समुद्राकाठी उतरून लाटांनी आणलेलं समुद्रशेवाळ खातात. संशोधकांनी विष्ठा तपासून हे पक्कं केलंय, ज्या वर्षी बर्फाचा थर जाड त्या वर्षी शेवाळ खाणारी जास्त. पण त्यानं पोट भरत नाही, उलट हगवण लागते. तुमच्या भाषेत, जीव धरून ठेवायचा पाला.

मुख्य भूमीवर समी लोक रेनडियर पाळतात, कानाला काप मारून आपापली खूण ठेवतात, ऋतूप्रमाणं कळपामागं फिरतात. ट्रॉम्सोला एक समी म्हातारा भेटला होता. त्याला तुमच्या वाड्याचा फोटो दाखवला तर त्यानं पहिलं विचारलं, कुत्री किती? त्यांच्याकडंही हिवाळी पावसाचं हेच रडगाणं, पण ते निदान विकतचं खाद्य आणून घालतात. स्वालबार्डच्या रानटी जनावरांना कोण घालणार, आणि घालूही नये असं माझं मत. छावणी लावली की जनावर छावणीचं होतं, हे आपण पाहिलंय.

गंमत अशी, की एवढं होऊनही यांची एकूण संख्या घटलेली नाही. शिकारीनं पार संपत आली होती, १९२५ साली संरक्षण मिळालं, आणि आता साधारण २२,००० आहेत असा अंदाज आहे. उन्हाळा लांबला, चारा वाढला, पिल्लं जास्त जगतात. म्हणजे तापत चाललेलं हवामान एका हातानं देतं आणि दुसऱ्यानं घेतं. वर्तमानपत्रं फक्त मेलेल्या जनावरांचा फोटो छापतात. पण चांगल्या वर्षी वाढलेली तोंडं वाईट वर्षी कुठं जाणार, हा प्रश्न माणदेशात मेंढरं राखणाऱ्याला कुणी समजावून सांगायला नको.

एका पावसाची झळ किती लांब जाते बघा. टार्मिगन नावाचा तितरासारखा पक्षी हिवाळाभर इथंच राहतो, पायाच्या बोटांपर्यंत पिसं, शरदात अंगावर चरबी चढवून घेतो. त्याचाही चारा त्याच बर्फाखाली जातो, त्याचीही संख्या त्याच वर्षी कोसळते. कोल्ह्याची मात्र त्या हिवाळ्यात चंगळ, जागोजागी मढी. आणि पुढच्या वर्षी त्याचे हाल, कारण कच्ची जनावरं आधीच मेलेली, उरलेली धट्टीकट्टी, मरायला कुणी तयार नाही.

माझं काम म्हणजे मेलेल्या जनावरांचे जबडे गोळा करणं. घरी सांगायला तसं बरं वाटत नाही. पण पहिला जबडा हातात घेतला तेव्हा तुम्ही बाजारात मेंढीचा ओठ वर करून दात बघता ते आठवलं. इथंही वय दातांवरूनच. बारीक गवताबरोबर वाळू आणि खडी पोटात जाते, दाढा झिजत झिजत हिरडीला टेकतात. दहा वर्षांच्या पुढं गेलेलं जनावर बहुतेक उपासमारीनंच जातं, चारा समोर असून चावता येत नाही. परवा सापडलेल्या मादीच्या दाढा पायरीच्या दगडासारख्या गुळगुळीत होत्या. म्हणजे तिच्या मरणाचा दोष पावसावर नाही. कोण म्हातारपणानं गेलं आणि कोण बर्फानं, हे वेगळं काढणं हेच आमचं काम. हाडातला मगजही बघतो. उपाशी जनावराच्या मगजातली चरबी संपून तो लालसर, पाणचट होतो.

समुद्राचं थोडक्यात सांगते, नाहीतर पिंट्या दमेल. खारं पाणी उणे १.९ अंशाला गोठतं, पण साध्या माशाचं रक्त उणे एकच्याही आधी गोठायला लागतं. मग बर्फाखालचा ध्रुवीय कॉड जगतो कसा? त्याच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते बर्फाच्या बारीक कणाला चिकटून त्याला वाढूच देत नाही. गंमत म्हणजे तिकडं दक्षिण ध्रुवाच्या समुद्रातल्या माशांकडं अगदी तसंच प्रथिन आहे, आणि दोघांचं नातं काही नाही. दोघांनी ते आपापलं घडवलं, हे १९९७ साली सिद्ध झालं. या कॉडला सील खातो, सीलला अस्वल खातं. अस्वल मला लांबून, दुर्बिणीतून दिसलं आणि तेवढं पुरे. गावाबाहेर जाताना गटात एकाकडं बंदूक असतेच. रोजचा त्रास अस्वलाचा नाही, टर्न नावाच्या मूठभर पक्ष्याचा आहे. दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातून अंडी घालायला इथपर्यंत येतो आणि आपण वाटेनं चाललो तरी डोक्यात चोच मारतो. म्हणून इथली शहाणी माणसंसुद्धा डोक्यावर काठी उभी धरून चालतात. काठी उंच असली की तो काठीच्या टोकाला मारतो. मी तुमच्यासारखीच काठी घेऊन हिंडते, फक्त मेंढरं नाहीत.

आजी, तुला एक सांगायचं राहिलं. तू बाजरीचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवतेस ना? इथल्या डोंगरात बोगदा खणून २००८ साली जगभरच्या बियाण्यांचं कोठार केलंय. गोठलेल्या डोंगरात, वर यंत्रानं आणखी गार करून उणे १८ अंशात पाकिटं ठेवतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या पीक संशोधन संस्थेनं तिथं बाजरी, ज्वारी, तूर, हरभरा, भुईमूग यांची हजारो वाणं ठेवली आहेत. ज्या बेटावर एरवी गवत बोटभर होत नाही तिथं बाजरी मुक्कामाला! आत कुणाला सोडत नाहीत, मी दारापर्यंत जाऊन आले. भाकरीचं पीठ मात्र माझ्याकडचं संपलंय. दुकानात सगळं मिळतं, पण विमानानं आणि बोटीनं आलेलं, भाव ऐकून तू झोपणार नाहीस.

आता तिकडचं. पाऊस लागला का? मेंढरांना आंत्रविषाराची लस दिली नसेल तर पहिल्यांदा ती द्या, लस आली का म्हणून पप्पांनी दवाखान्यात फोन करून विचारावं. पहिल्या पावसानंतर माळावर कोवळं गवत फुटतं, मेंढरं त्याच्यावर तुटून पडतात आणि चांगली तगडी कोकरंच एका रात्रीत जातात. तेव्हा सकाळी उपाशीपोटी माळावर सोडू नका. आधी थोडा सुका कडबा किंवा भुसा खायला घाला, मग सोडा, आणि पहिले आठ दिवस एका जागी फार वेळ थांबू देऊ नका. लसीला दोन आठवडे तरी लागतात काम करायला, म्हणून उशीर नको. लंगडणाऱ्या काळ्या मेंढीचं खूर धुऊन, बोटांमधला फोटो पिंट्यानं काढून पाठवावा, दुरून नको, जवळून.

सगळ्यांना नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

आपली नात,
सुमन